माहिती साक्षरता आणि समाजाचा विकास

साक्षरता म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे. आवश्यक माहिती शोधणे, तिची सत्यता पडताळणे आणि तिचा न्यायासाठी उपयोग करणे, यास आम्ही माहिती साक्षरता म्हणतो. इतिहास शिकविताना तिचे बोलके उदाहरण आम्हांस महाडच्या चवदार तळ्यापाशी सापडते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस झाली. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरीही तळ्याचे पाणी दूरच राहिले. कागदावरील हा हक्क २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो बांधवांनी प्रत्यक्ष बजावला.

त्याच दिवशी गावात अफवा उठली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. शहानिशा न करता जमाव धावला आणि परिषदेस आलेल्या निःशस्त्र बांधवांवर लाठ्या पडल्या. पुढे प्रतिपक्षाने न्यायालयात सांगितले की, अस्पृश्यांना मज्जाव ही पूर्वापार वहिवाट आहे. बाबासाहेबांनी त्या दाव्याचा पुरावा मागितला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही.

परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेशही हेच शिकवितो.

आज अफवा हातातील मोबाईलवरून घरात येते. दुसरीकडे, कोणाच्या तरी सांगण्यावर विसंबल्यामुळे शिष्यवृत्तीची मुदत टळलेले विद्यार्थीही आम्ही पाहिले आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या अर्जावर सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळविण्याचा हक्क दिला; मात्र अर्ज लिहिणारा हात हवा.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, आपल्या वस्तीतील एका तरी कुटुंबास शासन निर्णय वाचून दाखवावा, अर्ज लिहावयास शिकवावे आणि आलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी 'हे कशावरून?' असे विचारण्याची सवय लावावी. 'शिका' या आदेशाचा हाही एक अर्थ आहे.