वेगवान वाहनांचे सिंथेटिक तेल : नावावर नव्हे, मानकावर निवड

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत इंजिन तेलाविषयी लेख कशासाठी, अशी शंका कित्येक वाचकांच्या मनात येईल. पूर्वी आपल्याकडे वाहन म्हणजे पेढीची मालमोटार आणि फार तर घरची एक साधी मोटार. आज आपल्या तरुण पिढीच्या हाती टर्बोचार्जर बसविलेल्या शक्तिमान मोटारी व भारी मोटारसायकली आलेल्या आहेत. त्यांस लाखो रुपये पडतात, आणि त्या लाखोंचे रक्षण चार-पाच लिटर तेल करीत असते. गहू घेताना पोत्यात सळई खुपसून वानगी काढणारा आपला व्यापारी हे तेल घेताना मात्र डब्यावरील 'फुल सिंथेटिक' एवढे दोन शब्द वाचून पैसे मोजतो. ज्याने आयुष्यभर माल पारखला त्यानेच येथे पारख सोडावी, हे आम्हांस उचित वाटत नाही. यास्तव या तेलाची पारख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तेलाचे कार्य

इंजिनातील तेलाचे काम केवळ घर्षण कमी करण्याचे नाही. फिरणाऱ्या धातूंच्या मध्ये ते पातळ थर धरून राहते, उष्णता वाहून नेते, काजळी व कचरा आपल्या पोटात घेते आणि गंजापासून संरक्षण करते. साध्या इंजिनात ही कामे बेताच्या उष्णतेत पार पडतात. टर्बोचार्जरची गोष्ट निराळी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर त्याचे चक्र मिनिटास एक लाखाहूनही अधिक फेरे घेते. पेट्रोलच्या इंजिनात या धुराची उष्णता ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. त्या चक्राच्या आसाला आधार असतो तो तेलाच्या थराचा. चोर्ला घाट वेगाने चढून आल्यावर मोटार थांबवून लगेच इंजिन बंद केले, तर आसापाशी अडकलेले तेल करपते व त्याचा कोळसा होऊन बसतो. यासाठी शेवटचे अंतर सावकाश कापावे, अथवा इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवून मग बंद करावे. मात्र तेलच लवकर करपणारे असेल, तर एवढ्या काळजीनेही भागत नाही. सिंथेटिक तेलाची गरज निर्माण होते ती येथे. ते अति उष्णतेत लवकर बिघडत नाही, कमी उडून जाते आणि थंडीतही वाहते राहते.

'सिंथेटिक' या शब्दाचे वजन

इंजिन तेलात मोठा भाग मूळ तेलाचा व उरलेला औषधी द्रव्यांचा असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट पाडले आहेत. पहिले तीन गट खनिज तेलापासून निघणारे. त्यांतील तिसऱ्या गटाचे तेल हायड्रोजनच्या साहाय्याने इतके शुद्ध केलेले असते की त्याचा स्निग्धता-निर्देशांक १२० किंवा त्याहून अधिक भरतो. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिन या तेलांचा असून ती इथिलीन वायूपासून रासायनिक क्रियेने बांधली जातात. उरलेली सर्व, एस्टर जातीची तेले धरून, पाचव्या गटात येतात.

पूर्वी 'सिंथेटिक' म्हणजे चौथ्या व पाचव्या गटाचे तेल, असा समज रूढ होता. पुढे कॅस्ट्रॉल कंपनीने तिसऱ्या गटाचे तेल त्याच नावाने विकले, तेव्हा मोबिल कंपनीने अमेरिकेतील जाहिरात-व्यवसायाच्या स्वनियमन मंडळापुढे तक्रार नेली. १९९९ साली मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला. तेव्हापासून तिसऱ्या गटाची तेलेही 'सिंथेटिक' या नावाने सर्रास विकली जातात. जर्मनीत मात्र त्यांस निराळी संज्ञा लावण्याची प्रथा आहे.

याचा अर्थ तिसऱ्या गटाचे तेल हलके, असा कोणी घेऊ नये. त्यापासून उत्तम तेले तयार होतात आणि नामांकित मोटार-कारखानदारांनी ती मान्य केलेली आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, 'सिंथेटिक' हा शब्द मालाची प्रत ठरवीत नाही. पोत्यावर 'शरबती' असे छापलेले असते म्हणून आतला गहू शरबतीच असेल, असे आपण कधी धरून चालतो काय?

अंकांचा अर्थ

डब्यावर '५ डब्ल्यू-३०' किंवा '० डब्ल्यू-४०' असे अंक असतात. 'डब्ल्यू'च्या आधीचा अंक कडाक्याच्या थंडीत तेल किती सहज वाहते ते दाखवितो. ० डब्ल्यूच्या तेलाची थंडीची परीक्षा शून्याखाली ३५ अंशांवर होते, ५ डब्ल्यूची शून्याखाली ३० अंशांवर. बेळगावात पारा इतका उतरण्याचा प्रश्नच नाही. म्हणून केवळ हा अंक लहान आहे एवढ्यासाठी अधिक पैसे मोजण्यात हशील नाही.

नंतरचा अंक तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. १०० अंश उष्णतेत ३० क्रमांकाच्या तेलाची स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावी लागते, ४० क्रमांकाची १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. आपला देश उष्ण, म्हणून जितके दाट तेल तितके चांगले, असा एक समज गॅरेजांत प्रचलित आहे. तो सरसकट खरा मानता येत नाही. ज्या इंजिनातील फटी पातळ तेलासाठी आखल्या आहेत तेथे दाट तेल उशिरा पोहोचते आणि इंजिनाची शक्ती व इंधन व्यर्थ जाते. उलट, दाट तेलासाठी बांधलेल्या शर्यतीच्या धाटणीच्या इंजिनात पातळ तेलाचा थर फाटतो व बेअरिंगे घासली जातात. यास्तव अंकाची निवड आपल्या मनाने न करता वाहनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेवर सोडावी.

मानक हीच खरी वानगी

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. दोन डब्यांवर '५ डब्ल्यू-३०' हाच अंक व 'फुल सिंथेटिक' हेच शब्द असले, तरी आतला माल भिन्न असू शकतो. १५० अंश उष्णतेत जोराच्या घासणीखाली तेलाची स्निग्धता किती उरते, याची एक कसोटी आहे. ३० क्रमांकाच्या तेलास या कसोटीत किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद एवढा आकडा पुरतो. युरोपातील कारखानदारांच्या संघाचे 'ए-३/बी-४' हे मानक मात्र त्याच अंकाच्या तेलाकडून किमान ३.५ ची अपेक्षा करते. म्हणजे अंक एकच असून मालाच्या दोन प्रती झाल्या! हा भेद मोठ्या अक्षरांत कोठेही छापलेला नसतो. डब्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत जी मानके दिलेली असतात, त्यांवरूनच तो कळतो.

ही मानके तीन प्रकारची आहेत. पहिले अमेरिकन संस्थेचे. पेट्रोल इंजिनांसाठी २०२० च्या मे महिन्यात 'एसपी' हा वर्ग सुरू झाला व २०२५ च्या मार्चअखेर 'एसक्यू'. लहान आकाराच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत मंद वेगात जोर लावला असता इंधन ठिणगीपूर्वीच पेट घेते व त्या धक्क्याने पिस्टन फुटू शकतो, असे आढळून आले. तेलातील कॅल्शियमयुक्त द्रव्ये त्यास साहाय्यभूत होतात, हेही दिसून आले. 'एसपी' वर्गाच्या परीक्षेत या दोषाविरुद्धची कसोटी समाविष्ट आहे. अशा इंजिनात जुन्या वर्गाचे तेल घालणे म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणे होय.

दुसरे मानक युरोपातील संघाचे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण-नियम लागू झाले, आणि अनेक डिझेल वाहनांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. तेल जळून जी राख उरते ती या गाळणीत साचते आणि काजळीप्रमाणे जळून जात नाही. म्हणून अशा वाहनांस कमी राखेचे तेल लागते. 'सी-३' मानकात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. पेट्रोल मोटारीसाठी सर्वोत्तम ठरलेले अधिक राखेचे तेल येथे गाळणी तुंबवून मोठा खर्च उभा करते.

तिसरे, आणि शक्तिमान मोटारींसाठी निर्णायक, ते कारखानदाराचे स्वतःचे मान्यतापत्र. पोर्शे कंपनीचे 'ए-४०', बीएमडब्ल्यूचे 'लाँगलाइफ-०१', मर्सिडीजचे '२२९.५' ही त्याची उदाहरणे. येथे शब्द नीट वाचावेत. 'मान्यताप्राप्त' म्हणजे कारखानदाराने तपासून संमती दिलेले. 'यासाठी योग्य' असे लिहिलेले असेल, तर ते केवळ तेल विकणाऱ्याचे मत. सौद्यात या दोहोंमधील अंतर आपण व्यापारी चांगले ओळखतो.

मोटारसायकलीचा वेगळा न्याय

बहुतेक भारी मोटारसायकलींत इंजिन, गियर व क्लच यांस एकच तेल पुरविले जाते आणि क्लचच्या चकत्या त्या तेलातच बुडालेल्या असतात. मोटारींच्या पातळ तेलांत घर्षण घटविणारी द्रव्ये घातलेली असतात. ती इंधन वाचवितात, परंतु क्लचला घर्षणाचीच गरज असते! म्हणून जपानी मानकसंस्थेचे 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हे चिन्ह पाहूनच मोटारसायकलीचे तेल घ्यावे. आमच्या परिचयाच्या एका घरातील तरुणाने दुकानदाराच्या सांगण्यावरून मोटारीचे सर्वांत महाग तेल आपल्या मोटारसायकलीत घातले. थोड्याच दिवसांत चढावर इंजिन गर्जना करी, पण चाक जोर घेईना. क्लचच्या चकत्या बदलाव्या लागल्या. तेल अस्सल होते आणि महागही होते, परंतु त्या वाहनाचे नव्हते.

नक्कल आणि आपले व्रत

महाग मालाची नक्कल होतेच. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे गोळा करून त्यांत हलके किंवा वापरलेलेच तेल गाळून भरण्याचा धंदा चालतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे. खऱ्या मालाच्या रूपात खोटा माल खपविणे, हा त्याचा अर्थ. ते पाप करणारा दोषी आहेच, पण आपला रिकामा डबा धडधाकट स्थितीत भंगारात जाऊ देणारा नकळत त्याच्या हाती साधन देत असतो. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच पक्क्या बिलावर माल घ्यावा, झाकणाचे सील व तुकडी-क्रमांक पाहावा, आणि तेल ओतून झाल्यावर डब्यास स्वतः भोक पाडावे.

आपल्या समाजात आणखी एक प्रश्न विचारला जातो : या तेलात प्राणिज अंश असतो काय? एके काळी तो प्रश्न अगदी रास्त होता. अमेरिकेत मोटारींच्या स्वयंचलित गियरपेटीच्या तेलात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळले जात असे. १९७० साली त्या माशास संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घालून त्या देशाने ते बंद पाडले, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. आजच्या सिंथेटिक तेलांचा मुख्य भाग खनिज तेल अथवा वायू यांपासून होतो. एस्टर मात्र वनस्पतिज किंवा प्राणिज अशा दोन्ही मेदाम्लांपासून करता येतात. ज्यांना नियम काटेकोर पाळावयाचा आहे त्यांनी कंपनीस लेखी विचारून खात्री करून घ्यावी.

अहिंसेचा संबंध याहून अधिक आहे तो काढून टाकलेल्या तेलाशी. ते गटारात ओतले की पाण्यावर तवंग धरते आणि जळातील असंख्य जीवांचा श्वास कोंडतो. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते शुद्ध करून पुन्हा मूळ तेल बनविता येते. म्हणून गॅरेजवाला ते कोणास देतो याची चौकशी करावी आणि अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच ते जाईल, असे पाहावे.

काही व्यावहारिक सूचना

तेल काळे पडले म्हणजे बिघडले असे नव्हे. ते कचरा धरून ठेवीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु सिंथेटिक आहे म्हणून बदलण्याची मुदत आपल्या मर्जीने वाढवू नये. शहरातील थोड्या-थोड्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही व तेलात पाणी आणि इंधन मिसळत राहते. पुस्तिकेतील किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी भरेल त्या वेळी तेल बदलावे. पातळी मापकांड्यावरील दोन खुणांच्या मध्ये ठेवावी. अधिक भरल्यास तेलाचा फेस होतो. वरून घालावयाच्या शक्तिवर्धक बाटल्यांच्या नादी लागू नये. चुकीचे तेल वापरल्याचे निष्पन्न झाल्यास कारखानदार हमी नाकारू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रत्येक वाहनधारकाने एक लहानशी चिठ्ठी करावी. तीवर पुस्तिकेतून चार गोष्टी उतरवून घ्याव्यात : तेलाचा अंक, संस्थेचे मानक, कारखानदाराच्या मान्यतेचा क्रमांक आणि लागणारे लिटर. ती चिठ्ठी वाहनाच्या कागदपत्रांत ठेवावी आणि दुकानदारापुढे प्रथम तीच ठेवावी. चिठ्ठीतील चारही गोष्टी जुळल्या, तर अमुकच कंपनीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. एकही जुळली नाही, तर डब्यावर काहीही छापलेले असो, तो माल आपल्या कामाचा नाही. आपल्या घरातील तरुणांना ही चिठ्ठी करावयास लावावी, एवढीच वाचकांस विनंती आहे.