हाक आणि आरोळी : 'तमस' या दूरदर्शन-मालिकेच्या संगीतावरून एक पाठ

संगीत म्हटले की आपणांपुढे उत्सव उभा राहतो. मावळात राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस याची प्रमाणे दूर शोधावयास नकोत. भाजे येथील लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने ताल धरणारी एक स्त्री व त्या तालावर नाचणारी दुसरी स्त्री खडकात कोरून ठेविली आहे. चैत्रात कोंकणातील कोळी बांधव वाजतगाजत कार्ल्याच्या एकवीरा देवीस येतात. ज्येष्ठात देहूहून तुकोबांची पालखी टाळमृदंगाच्या गजरात निघते. आणि नाताळात आमची मुले गीते गात दारोदार हिंडतात. स्वर माणसास माणसाशी जोडतो, हा अनुभव आपणां सर्वांस आहे.

परंतु ज्या कंठातून भजन निघते, त्याच कंठातून शेजाऱ्याच्या नाशाची आरोळीही निघू शकते. पवित्र शास्त्रात याकोबाच्या पत्रात एकाच मुखातून निघणाऱ्या आशीर्वादाविषयी व शापाविषयी जो इशारा दिला आहे, तो हाच. या सत्याचा विचार करण्यास 'तमस' या मालिकेहून उत्तम साधन आमच्या पाहण्यात नाही. म्हणून या पाठात आम्ही तिचे कथानक, तिचे संगीत व तिने समाजावर केलेला परिणाम यांचा क्रमाने विचार करणार आहो.

१. ग्रंथ व ग्रंथकार

'तमस' म्हणजे अंधार. भीष्म साहनी यांची ही हिंदी कादंबरी. तिला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहनी यांचा जन्म १९१५ साली रावळपिंडी येथे झाला. मार्च १९४७ मध्ये त्या जिल्ह्यात जी भयंकर कत्तल झाली ती त्यांनी जवळून पाहिली होती व पीडितांच्या साहाय्यार्थ कामही केले होते. तथापि हे दुःख त्यांच्या मनात वीस वर्षांहून अधिक काळ मुके राहिले. ते बोलते झाले आमच्या महाराष्ट्रात! १९७० साली ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे दंगल उसळली, तेव्हा बंधू बलराज साहनी यांच्यासमवेत ते तेथे गेले. जळलेली घरे व ओस पडलेले रस्ते पाहताच त्यांस रावळपिंडीचे स्मरण झाले, आणि कादंबरीस आरंभ झाला. आपल्या घाटाखालच्या भिवंडीने पंजाबची कथा लिहविली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कथानक थोडक्यात असे. नत्थू नावाचा एक गरीब चर्मकार पाच रुपयांच्या आशेने एक डुक्कर मारून देतो. दुसऱ्या दिवशी तेच जनावर मशिदीच्या पायऱ्यांवर आढळते आणि नगर पेटते. आपण कोणाच्या कपटाचे साधन झालो हे कळल्यावर नत्थू मनातून झुरत जातो. इकडे हरनामसिंग व बंतो हे वृद्ध शीख दांपत्य गाव सोडून पळते व एका मुसलमान कुटुंबाच्या दारी आश्रय मागते. घरातली स्त्री त्यांस आत घेते. दुसऱ्या एका गावी गुरुद्वाऱ्यात जमलेल्या शीख स्त्रिया अब्रूरक्षणार्थ विहिरीत उड्या घेतात. हा शेवटला प्रसंग रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा येथे खरोखर घडलेला आहे.

फाळणीत सुमारे सव्वा ते दीड कोट माणसे घरांस मुकली. मृतांचे अंदाज २ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहेत. राफाएल लेमकिन या पोलिश यहुदी कायदेपंडिताने १९४४ साली वंशसंहार या अपराधास प्रथम स्वतंत्र नाव दिले, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार संमत केला. फाळणीच्या कत्तलीस हेच नाव लावावे की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु एखाद्या मनुष्यास केवळ त्याच्या जातकुळीवरून मारावयाचे, हे पाप दोहोंकडे एकच.

२. दिग्दर्शक व संगीतकार

गोविंद निहलानी यांनी ही कादंबरी सहा भागांच्या मालिकेत उतरविली. त्यांचा जन्म १९४० साली कराचीत झाला. फाळणीने त्यांच्याही कुटुंबास देशोधडीस लाविले. मराठी वाचकांस ते परके नाहीत. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला 'आक्रोश' व श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरील 'अर्धसत्य' हे चित्रपट त्यांचेच. मालिकेत नत्थूची भूमिका ओम पुरी यांनी केली, विहिरीच्या प्रसंगात मराठी अभिनेत्री उत्तरा बावकर आहेत, आणि वृद्ध हरनामसिंग म्हणून स्वतः भीष्म साहनी उभे राहिले आहेत.

संगीत वनराज भाटिया यांचे. हे १९२७ साली मुंबईत जन्मले. एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचा अभ्यास करून ते लंडनच्या रॉयल अकादमीत व पुढे पॅरिसमध्ये नादिया बुलांझे या विख्यात विदुषीपाशी पाश्चात्य संगीत शिकले. त्याआधी मुंबईत देवधरांच्या संगीतविद्यालयात त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले होते. दोन परंपरांचा असा अभ्यास असलेला पुरुष या कामास लाभला, हे मालिकेचे भाग्य. 'तमस'च्या संगीतासाठी त्यांस राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सुरेखा सिक्री यांस साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक व या कृतीस राष्ट्रीय एकात्मतेचे पारितोषिक मिळाले. भाटिया २०२१ साली निवर्तले.

३. स्वरांची दोन रूपे

मालिकेच्या आरंभी पडद्यावर नावे येत असता एक मानवी कंठ देवास आर्त हाक मारतो. बोल एकदोनच, त्यांचे पुढे गाणे होत नाही. आकांत हाच तेथे राग व आकांत हाच ताल आहे. ही हाक हिंदूची, शिखाची की मुसलमानाची हे विचारण्याचे श्रोत्यास सुचतच नाही. पंजाबात देवास 'रब्बा' म्हणून तिघेही हाक मारतात. मंदिर, मशीद व गुरुद्वारा यांच्या भिंतींपलीकडचा एक शब्द घेऊन संगीतकाराने सर्वांच्या वतीने विलाप केला आहे.

याच्या उलट कथेच्या आत ऐकू येणारे ध्वनी पाहा. कादंबरीत पहाटे प्रभातफेरी गात निघते. तिचा हेतू जागृतीचा. धोक्याच्या वेळी वाजविण्यासाठी देवालयावरील जुनी घंटा दुरुस्त केली जाते. दोन्ही पक्षांच्या जमावांतून ईश्वराच्या नावाचेच घोष उठतात. शब्द पवित्र असतात. परंतु ते उच्चारणाऱ्याचे लक्ष देवाकडे नसून पलीकडच्या गल्लीकडे असते. येथे संगीतकार फार संयमाने वागला आहे. जमावाच्या आवेशास वाद्यांची जोड देऊन त्याने प्रेक्षकांची रक्ते तापविली नाहीत. चित्रपटांत असतात तशी लोकप्रिय गाणीही त्याने घातली नाहीत. जेथे दुःख आहे तेथेच त्याचा स्वर उमटतो.

यावरून आम्हास एक भेद दिसतो. हाक एका माणसाच्या पोटातून निघते आणि उत्तराची वाट पाहते. आरोळी अनेकांच्या मुखांतून निघते, पण तिला उत्तर नकोच असते. समोरच्याने गप्प व्हावे एवढाच तिचा हेतू. हाकेत ऐकण्यास जागा असते, आरोळीत नसते. मालिकेचा शेवट या दृष्टीने पाहावा. नत्थू मारला गेला आहे. त्याची गर्भवती पत्नी कर्मो निर्वासितांच्या छावणीत प्रसूत होते. तंबूतून नवजात बालकाचे रडणे ऐकू येते, आणि त्याच क्षणी दुरून 'अल्लाहु अकबर' व 'हर हर महादेव' हे घोष कानी येतात. त्या बालकास अजून जात नाही, धर्माचे नावही नाही. एका बाजूस ती पहिली हाक, दुसऱ्या बाजूस त्या आरोळ्या. यांतून काय ऐकावयाचे ते दिग्दर्शकाने आपणांवर सोपविले आहे.

४. समाजावर परिणाम

जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर मालिका सुरू झाली. तेव्हा खासगी वाहिन्या नव्हत्या. त्यामुळे देशभर एकाच वेळी घरोघरी ती पाहिली गेली. अनेकांनी प्रखर विरोध केला. जुन्या जखमा उकरल्याने नवी दंगल होईल, असा आक्षेप घेऊन प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी प्रथम संपूर्ण मालिका स्वतः पाहिली, व मग प्रक्षेपणास मोकळीक दिली. पुढे १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. अशा कृतीचा परिणाम दुर्बळ व चंचल मनाच्या मापाने न मोजता विवेकी व धैर्यवान मनुष्याच्या मापाने मोजावा, हा न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी नागपूरच्या उच्च न्यायालयात पूर्वी घालून दिलेला निकष त्या वेळी आधारास घेतला गेला. आधी ऐकावे, मग निर्णय द्यावा, हा न्यायाधीशांचा क्रम विद्यार्थ्यांनीही शिकावा.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. एप्रिल १९७८ मध्ये अमेरिकेत यहुदी लोकांच्या संहारावर 'होलोकॉस्ट' ही चार भागांची मालिका दाखविली गेली. तिचे संगीत मॉर्टन गूल्ड यांचे होते. एवढ्या मोठ्या दुःखाची करमणूक केली, असा दोष एली वीझेल यांच्यासारख्या त्या संहारातून वाचलेल्या लेखकाने तिला दिला. तरी जानेवारी १९७९ मध्ये ती पश्चिम जर्मनीत दिसली तेव्हा लक्षावधी लोकांनी ती पाहिली. प्रत्येक भागानंतर इतिहासकार बसून प्रेक्षकांच्या प्रश्नांस उत्तरे देत, आणि दूरध्वनींची रीघ लागे. त्याच वर्षी जुलैत तेथील संसदेने खुनाच्या गुन्ह्यावरील कालमर्यादा रद्द केली. हाकेला उत्तर मिळाले ते असे.

५. आपणांस बोध

लोणावळ्याहून पुण्यास जाताना लोकलगाडी पिंपरीवरून जाते. १९४७ नंतर सिंधमधून निघालेले हजारो निर्वासित तेथील छावणीत वसले. 'पिंपरी कॅम्प' हे नाव त्याचीच खूण. बाजारात खरेदीस जाणाऱ्या किती जणांस या नावामागील हाक ऐकू येते? 'तमस'मधील इंग्रज अधिकाऱ्यास तक्षशिलेच्या बौद्ध मूर्तींविषयी अपार कौतुक असते, परंतु जळत्या नगराचे दुःख त्याच्या कानी पोहोचत नाही. कार्ले-भाजे दाखविण्यास पाहुण्यांस नेणाऱ्या आम्हा मावळकरांस हा इशाराच आहे.

नारायण वामन टिळक देहूच्या तुकोबांच्या वाणीस ख्रिस्ताकडे नेणारा पूल मानीत. पूल दोन काठांस जोडतो, आणि दोन्ही काठांवरून चालता येतो. आपले गाणे असा पूल होते की भिंत, हे गाणाराच्या अंतःकरणावर अवलंबून आहे. म्हणून मिरवणुकीत, सामन्यात वा सभेत सर्वांबरोबर घोष करण्यापूर्वी प्रत्येकाने क्षणभर मनास विचारावे : पलीकडच्या गल्लीतील लहान मूल हा आवाज ऐकून बाहेर धावत येईल, की दाराआड लपेल?

विचारासाठी प्रश्न

१. भीष्म साहनी यांस कादंबरी लिहिण्यास इतकी वर्षे का लागली असावीत?

२. जमावाच्या आवेशास संगीताची जोड न देण्यात संगीतकाराचा हेतू काय असावा?

३. जुन्या दुःखाचे स्मरण केव्हा औषध होते व केव्हा विष?

४. आपल्या गावातील वा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास फाळणीविषयी काय आठवते अथवा काय ऐकून ठाऊक आहे, ते विचारावे. मध्ये न बोलता ऐकावे, आणि मग एक पानभर लिहावे.