विजेवर चालणारे छोटे विमान : जोडणी आणि तोल

सायकलीचे सर्व भाग आपापल्या जागी नीट बसले की सायकल चालू लागते. विमानाचे तसे नाही. प्रत्येक भाग घट्ट बसलेला, मोटर सुरळीत फिरणारी, सुकाणू हुकमी हलणारे, आणि तरीही हातातून सुटताच विमान शेपटीवर उलटून जमिनीवर आदळते, असे घडू शकते. याचे कारण बहुधा एकच असते. भाग जोडले गेले, पण त्यांची वजने तोलली गेली नाहीत. छोट्या विमानाची जोडणी म्हणजे मुख्यतः वजनांची मांडणी होय, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

सुटे भाग जोडून विमान उभे करण्याची परंपरा म्हैसूरच्या भूमीला नवी नाही. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी त्या वेळच्या म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना स्थापन केला. तेथे १९४१ साली अमेरिकन बनावटीचे हार्लो जातीचे प्रशिक्षण-विमान जोडून उडविण्यात आले. त्याच संस्थानाची राजधानी असलेल्या म्हैसूर शहराच्या वायव्येस गोकुलम ही निवासी वसाहत आहे. तेथील घरातल्या टेबलावर एखादा विद्यार्थी एक मीटर पंखविस्ताराचे विमान जोडतो, तेव्हा त्यालाही मोठ्या विमानाचेच नियम पाळावे लागतात.

अशा विमानांचा इतिहास थोडक्यात असा. फ्रान्समधील आल्फाँस पेनो याने १८७१ साली पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या बागेत ११ सेकंद उडवून दाखविले. शेपटीच्या साहाय्याने विमान आपला तोल आपणच सांभाळू शकते, हे त्याने सिद्ध केले. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी १९३७ साली रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती उडविली. तिला तेलावर चालणारे एंजिन होते. इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी ‘रेडिओ क्वीन’ हे रेडिओ-नियंत्रित विमान विजेच्या मोटरवर उडविले. त्यात चांदी-जस्ताचे घट वापरले होते. वजनाच्या मानाने फार कमी वीज देणारे घट ही पुढेही दीर्घकाळ अडचण राहिली. लिथियमचे हलके घट आल्यावर ती दूर झाली आणि हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

भाग आणि त्यांची वजने

नवशिक्याने पंख धडाच्या वर असलेले विमान निवडावे. आपल्या उदाहरणातील विमानाचा पंखविस्तार १००० मिलिमीटर असून पंखाची पुढून मागे रुंदी १८० मिलिमीटर आहे. फोमचे धड, पंख व शेपटी मिळून सुमारे २४० ग्रॅम भरतात. मोटर ५५ ग्रॅम, प्रोपेलर १० ग्रॅम, मोटरचा वेगनियंत्रक २५ ग्रॅम, दोन सर्व्हो मिळून १८ ग्रॅम, ग्राही १२ ग्रॅम आणि बॅटरी ९० ग्रॅम. एकूण वजन ४५० ग्रॅम होते. प्रत्येक भाग बसविण्यापूर्वी स्वयंपाकघरातील किंवा सोनाराकडील काट्यावर तोलून त्याचे वजन वहीत लिहून ठेवावे. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

पंखाचे दोन्ही भाग मध्यभागी जोडताना टोके किंचित वर उचललेली ठेवतात. प्रत्येक बाजूस पाच अंशांचा कल दिला, तर टोक मध्यापेक्षा सुमारे ४४ मिलिमीटर उंच येते. या कलामुळे विमान एका अंगास झुकले, तरी पुन्हा सरळ होण्याची त्याची प्रवृत्ती राहते. गोंद वाळेपर्यंत टोकांखाली पुस्तके रचून हा कल कायम राखावा. आडवी शेपटी पंखाला समांतर आणि उभी शेपटी तिच्याशी काटकोनात आहे की नाही, हे समोरून आणि मागून डोळ्याने नीट पाहावे. फोमवर कोणताही गोंद चालत नाही. काही गोंदांनी फोम विरघळतो, म्हणून टाकाऊ तुकड्यावर तो आधी लावून पाहावा.

शेपटीकडे गोंद हात राखूनच वापरावा. गुरुत्वमध्यापासून ५०० मिलिमीटर मागे केवळ १० ग्रॅम वजन जास्त झाले, तर त्याचा परिणाम १० गुणिले ५००, म्हणजे ५००० इतका होतो. तो भरून काढण्यासाठी ९० ग्रॅमची बॅटरी जवळजवळ ५५ मिलिमीटर पुढे सरकवावी लागेल. धडाच्या नाकात एवढी जागा बहुधा नसते.

वीज आणि नियंत्रण

मोटर नाकावर बसविताना तिचा रोख दोन-तीन अंश खाली आणि किंचित उजवीकडे ठेवतात. मोटरचा जोर वाढविला की नाक वर उसळते. तसेच, मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा प्रोपेलर विमानास डावीकडे खेचतो. मोटर अशी कलती ठेवल्याने हे दोन्ही दोष कमी होतात. मोटरच्या तीन तारा वेगनियंत्रकाच्या तीन तारांना जोडाव्यात. मोटर उलटी फिरली, तर त्यांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. बॅटरीच्या लाल-काळ्या तारांची अदलाबदल मात्र कधीही करू नये. तसे केल्यास वेगनियंत्रक तत्काळ जळतो.

बॅटरी तीन घटांची, ११.१ व्होल्टची आणि १००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची असावी. पूर्ण भारित घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तो ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. एक अँपिअर प्रवाहाने भरल्यास सुमारे एका तासात ती भरते. भरत असताना तिच्याजवळ माणूस हवाच आणि जळाऊ वस्तू दूर हव्यात. फुगलेली किंवा ठेच लागलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, कारण लिथियमचा घट पेटल्यास विझविणे कठीण असते. साडेसहा अँपिअर सरासरी प्रवाहात, पाचवा हिस्सा वीज शिल्लक ठेवून, सुमारे सात मिनिटांचे उड्डाण मिळते.

एक सर्व्हो सुकाणूस आणि दुसरा आडव्या शेपटीच्या हलत्या फळीस, म्हणजे एलिव्हेटरला, तारेने जोडतात. आता प्रोपेलर काढून ठेवावा आणि चाचणी घ्यावी. प्रथम हातातील प्रेषक चालू करावा, नंतर विमानातील बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलटा असावा. प्रेषकाची दांडी मागे ओढताच एलिव्हेटरची मागची कड वर गेली पाहिजे. दांडी उजवीकडे नेताच सुकाणूची मागची कड उजवीकडे वळली पाहिजे. दिशा उलटी असेल, तर ती प्रेषकातून बदलता येते. हा दोष हवेत लक्षात आला, तर तो सुधारण्यास वेळ उरत नाही. प्रेषक बंद झाल्यास मोटर आपोआप थांबते की नाही, तेही याच वेळी तपासावे.

तोल कसा पाहावा

सर्व भाग बसविल्यावर पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० मिलिमीटर मागे, धडाच्या दोन्ही बाजूंस, पंखाच्या खालच्या अंगावर खुणा कराव्यात. पंखाच्या रुंदीच्या चौथ्या भागाहून ही जागा थोडी मागे येते. दोन बोटांची टोके या खुणांवर ठेवून विमान अलगद उचलावे. ते आडवे राहिले किंवा त्याचे नाक किंचित खाली झुकले, तर तोल योग्य आहे. शेपटी खाली गेली, तर उड्डाणाचा विचार सोडून द्यावा.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले, की आडव्या शेपटीवरील हवेचा रेटा ते पुन्हा खाली आणतो. गुरुत्वमध्य पुढे असेल, तर हा रेटा पुरेसा परिणामकारक ठरतो. तो फार मागे असेल, तर नाक वर जातच राहते. पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान कोसळते. नाक जड असलेले विमान आळशीपणे उडते, पण ते हाती राहते. शेपटी जड असलेले विमान हाताबाहेर जाते.

तोल सुधारण्यास प्रथम बॅटरीच सरकवावी. ९० ग्रॅमची बॅटरी २० मिलिमीटर पुढे नेली, की ४५० ग्रॅमच्या विमानाचा गुरुत्वमध्य ४ मिलिमीटर पुढे येतो. योग्य जागा सापडली, की धडात खूण करून बॅटरी पट्टीने तेथेच घट्ट बांधावी. येथे विजेच्या विमानाचा एक मोठा लाभ दिसतो. तेलावरच्या विमानाची टाकी उडता उडता रिकामी होते आणि तोल बदलत जातो. वीज खर्च झाली तरी बॅटरीचे वजन घटत नाही. टेबलावर साधलेला तोल उतरेपर्यंत तसाच राहतो.

उंचावरील विरळ हवा

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे. तापमान सारखे असताना तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा आठ ते नऊ टक्के विरळ असते. त्यामुळे तेवढेच वजन उचलण्यासाठी विमानाला चार ते पाच टक्के अधिक वेग लागतो. आपले विमान मुंबईत ताशी सुमारे २३ किलोमीटर वेगाच्या खाली उचल गमावत असेल, तर गोकुलमच्या परिसरात ही मर्यादा ताशी २४ किलोमीटरच्या आसपास येते. प्रोपेलरचा रेटाही तेवढ्याच प्रमाणात घटतो. फरक लहान आहे. तथापि, वाढलेल्या वजनाची आणि चुकलेल्या तोलाची भर त्यात पडली, तर हाताने सोडलेले विमान वेग घेण्यापूर्वीच खाली येते.

पहिले उड्डाण

गोकुलमच्या गल्ल्यांतील झाडे, विजेच्या तारा आणि माणसांची वर्दळ यांमुळे तेथे उड्डाण करू नये. त्यासाठी वस्तीबाहेरचे मोकळे माळरान आणि सकाळची शांत हवा निवडावी. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार असे विमान उडविणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहिले पाहिजे. मोकळ्या क्षेत्रात कमाल उंची ४०० फूट असते. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट आहे. म्हैसूरचा विमानतळ शहराच्या दक्षिणेस मंडकळ्ळी येथे असून गोकुलम त्यापासून सरळ रेषेत अकरा-बारा किलोमीटरवर आहे. म्हणून मैदान निवडताना सरकारी नकाशा पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम मोटर बंद ठेवून, उंच गवताच्या जागी, वाऱ्याच्या दिशेस तोंड करून विमान सरळ समोर सोडावे. ते वर उसळून मग खाली पडले, तर बॅटरी थोडी पुढे न्यावी. नाक खुपसून लगेच खाली आले, तर थोडी मागे न्यावी. संथ, सरळ तरंगत उतरले, की मोटर लावून उडविण्यास ते सज्ज झाले. मोटर चालू असताना बोटे, केस आणि सैल कपडे प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीपासून दूर ठेवावेत.

धडपडीत शेपटी मोडणे हे नित्याचेच असते. ती पुन्हा चिकटविली, की गोंदाचे काही ग्रॅम वाढतात आणि पहिला तोल उरत नाही. यास्तव प्रत्येक दुरुस्तीनंतर विमान पुन्हा काट्यावर ठेवावे, वहीतील आकड्याशी ताडून पाहावे आणि पंखाखालच्या त्याच दोन खुणांवर उचलून तोल पुन्हा तपासावा. मगच ते मैदानावर न्यावे.