बांबू तुटत नाही, सांधा सुटतो

बारावीच्या निकालानंतर मुलगी म्हणते, "मला बांबूची घरं बांधायची आहेत." त्या क्षणी आईवडिलांच्या डोळ्यांपुढे मांडव येतो, रंगाऱ्याची परांची येते, रस्त्याकडेला सुपं-टोपल्या विणणारं बुरूड कुटुंब येतं. "एवढं शिकवलं ते याचसाठी का?" या प्रश्नात पोटापाण्याची काळजी आहे, ती रास्त आहे. बुरुडकाम हलकं मानण्याचा भाग मात्र मनातून काढून टाका. बांबू कुठून चिरला की सरळ फाटतो हे ज्या हातांना कळतं, त्यांच्याच शेजारी बसून तुमच्या मुलीला पहिला धडा गिरवावा लागणार आहे.

आता काळजीचं बोलू. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. शेतातला बांबू तोडणं, नेणं, विकणं त्यामुळे सोपं झालं. बंगळुरूच्या विमानतळावरच्या दुसऱ्या टर्मिनलचं छत बांबूने सजलं आहे, दिल्लीच्या नव्या संसद भवनात त्रिपुरातल्या बांबूची फरशी आहे. कच्चा माल आहे आणि मागणीही येते आहे. अडतं ते माल आणि इमारत यांच्यामधल्या कामात. करिअर तिथेच आहे.

बांबू हे गवत. कोंब फुटला की काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, पण बांधकामाजोगा व्हायला तीन-चार वर्षं लागतात. त्याच्या अंगात पिष्ट असतं, म्हणून भुंगेरा लागतो. आपल्याकडे बांबू अमावास्येच्या सुमारास तोडत आणि ओढ्यात बुडवून ठेवत. पाण्यात पिष्ट निघून जातं, हे त्यामागचं शास्त्र. आज बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू मुरवतात. पण हे द्रावण पावसाने धुपतं, म्हणून जोतं उंच आणि वळचण लांब हवी. एवढी साधी गोष्ट नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नसली की चार पावसाळ्यांत खांब कुजतो आणि दोष बांबूच्या माथी येतो.

त्याहून अवघड सांधा. बांबू पोकळ, बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळता, आणि कोणतेही दोन सारखे नाहीत. खिळा ठोकला की उभा चिरतो. कोलंबियाचे वास्तुविशारद सिमोन वेलेझ यांनी सांध्याजवळची पोकळी सिमेंटच्या मसाल्याने भरून त्यातून बोल्ट नेण्याची रीत रूढ केली. 2000 साली हॅनोवरच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना बांबूचा मोठा मंडप उभारायचा होता. त्याआधी हुबेहूब तसाच मंडप कोलंबियातल्या मनिसालेसला बांधून, भार देऊन तपासावा लागला. अशी चाचणी आखणारा, आकडे मांडणारा आणि त्याखाली सही करणारा अभियंता आपल्याकडे फार कमी आढळतो. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत बांबूवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचून गणित करणाऱ्याला काम शोधत फिरावं लागणार नाही, असं मला वाटतं.

फरशीची दुनिया वेगळी, ती कारखान्याची. बांबूच्या पट्ट्या काढून, तासून, उकळून, वाळवून डिंकाने जोडतात आणि गरम दाबाखाली फळी करतात. दुसऱ्या प्रकारात बांबू चेचून त्याचे धागे राळेत भिजवून दाबतात. ती फळी सागापेक्षाही कठीण होते. इथे प्रश्न डिंकाचे, दमटपणाचे, फॉर्मल्डिहाइडच्या प्रमाणाचे. कोकणच्या पावसाळ्यात फळी फुगणार, म्हणून भिंतीलगत फट सोडावीच लागते. रसायन किंवा यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांना हे क्षेत्र सहसा कुणी सुचवतच नाही.

म्हणून माझा सल्ला असा: आधी मान्यताप्राप्त पदवी, मग बांबू. वास्तुकला, स्थापत्य, रसायन, जे झेपेल ते. सुट्ट्यांत हात तयार करायला चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आहे, आगरताळ्याला बांबू व वेत विकास संस्था आहे. ज्याचं मन पुस्तकात रमत नाही पण हात चालतो, त्याने सरळ प्रशिक्षणाची वाट धरावी. चांगला सांधा करणारा कारागीर मिळवणं हीच आज वास्तुविशारदाची अडचण असते. कॅम्पस मुलाखतीतून बांबूची नोकरी मिळेल, ही आशा ठेवू नका. पहिली काही वर्षं साध्या सिमेंट-विटांच्या कामावरही काढावी लागतील. आणि निव्वळ बांबूच्या नावाने चालणाऱ्या महागड्या, बिनमान्यतेच्या अभ्यासक्रमासाठी कर्ज काढू नका, हे मी हात जोडून सांगतो.

निर्णयाआधी एक करा. ताज्या तोडलेल्या बांबूचे चार तुकडे घरी आणा. एकात तसाच खिळा ठोका, दुसऱ्यात आधी गिरमिटाने भोक पाडून बोल्ट घाला. तिसरा आठवडाभर पाण्यात बुडवून वाळवा, चौथा तसाच ठेवा आणि दोन्ही कागदावर शेजारी शेजारी मांडा. मग दोन महिने मुलीला काही विचारू नका. सकाळी उठल्यावर भुंगेऱ्याने कागदावर पीठ पाडलंय का हे बघायला ती आपणहून जाते का, तेवढं पाहा.