बालपण हरवले, की वडीलधारे?

"आमच्या वेळी असे नव्हते" हे वाक्य कानी पडले नाही, असा दिवस विरळाच. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, पावसातले भिजणे यांची उजळणी होते आणि शेवटी बोट दाखविले जाते ते मुलाच्या हातातील मोबाईलकडे. आजच्या मुलांनी बालपण गमावले, असा निष्कर्ष निघतो. तो कितपत खरा आहे, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

गतकाळ आठवताना मन निवड करीत असते. माझ्या आजीला तिचे लहानपण विचारले, तर ती लगोरीचे सांगत नाही. आठव्या वर्षी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेळ्या राखल्याचे सांगते. शाळा तिने बाहेरूनच पाहिली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा आठवीचा अभ्यास मी वडिलांच्या मोबाईलवर केला. ते कामावरून परतले की रात्री माझी शाळा भरे. म्हणून जुने ते सारे सोने असे मला म्हणवत नाही आणि पडद्याला सरसकट शत्रूही म्हणवत नाही.

तथापि दुसरी बाजूही डोळ्यांसमोर आहे. माझा चार वर्षांचा भाचा मोबाईलवर गाणे लागल्याखेरीज घास घेत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. परंतु त्याला भरविणारी माझी बहीण दिवसभर दुसऱ्याच्या रानात भांगलण करून आलेली असते. तिला घटकाभर उसंत मिळते ती त्या गाण्यामुळेच. मग दोष कोणाला द्यावा?

या ठिकाणी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची आठवण होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे, कारण श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. त्या बालपणात कर्ज आहे, दारिद्र्य आहे, पोहायला भिणाऱ्या मुलाला बसलेला मारही आहे. खेळण्यांची रेलचेल मात्र नाही. तरीही ते बालपण आपल्याला श्रीमंत वाटते, ते मुलाजवळ सतत एक मोठे माणूस आहे म्हणून.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये नेमके हेच ओळखले. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवले जात. मुलांनी अभ्यासाला बसावे, हा हेतू. माझ्या मते यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की हा नियम मोठ्यांनाही लागू होता. आई मालिका पाहत असेल आणि वडील मोबाईलवर असतील, तर "पुस्तक घे" या आज्ञेला काय अर्थ उरतो?

प्रत्येक गावात भोंगा वाजेलच असे नाही. पण घरात ठरविता येते. आम्ही जेवणानंतर अर्धा तास सर्वांचे मोबाईल फडताळात ठेवू लागलो आहोत. भाचरू पहिले तीन दिवस रडले. आता ते आजीला तिच्या शेळ्यांची नावे विचारते आणि आजीही एकेक नाव आठवून सांगते. बहिणीला तेवढा वेळ पाठ टेकता येते, हाही लाभ लहान नाही.

सारांश, बालपण मुलांनी हरवलेले नाही. त्यांच्या शेजारी बसणारे मोठे माणूस मधल्या काळात उठून गेले आहे. उद्या आपल्यापैकी अनेकजण आईबाप होतील, कित्येक शिक्षक होतील. त्या वेळी मोबाईलला नावे ठेवण्यापूर्वी आपण मुलाजवळ जाऊन बसलो, तरी पुष्कळ झाले.