मोठ्या संस्थेचा रचनाकार

गेल्या नाताळच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. “सर, मी एंटरप्राइझ आर्किटेक्ट आहे,” असें त्यानें सांगतांच, “आतांपर्यंत किती इमारती उभारल्यास?” असें आम्हीं विचारलें. तो हंसून म्हणाला, “एकही नाहीं.” मग हा पेशा कसला, हें त्यानें आम्हांस समजावून दिलें. तेंच येथें विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

घर बांधतांना गवंडी भिंत रचतो, सुतार दारें बसवितो, नळवाला नळ टाकतो. प्रत्येकजण आपल्या कामांत निष्णात असेल. तथापि जिन्याच्या वाटेंत मोरी येऊं नये, ही काळजी कोणीं वाहावी? ज्याच्या हातीं साऱ्या घराचा नकाशा आहे, त्यानें.

मोठ्या बँकेंत किंवा कारखान्यांतही हाच प्रकार असतो. ठेवी, कर्ज, पगार यांसाठीं निरनिराळ्या विभागांनीं निरनिराळ्या काळीं संगणक-प्रणाली घेतलेल्या असतात. एकाच ग्राहकाचा पत्ता चार ठिकाणीं चार तऱ्हांनीं लिहिलेला आढळतो. संस्थेचें कार्य, तिची माहिती, ती हाताळणाऱ्या प्रणाली आणि त्यांखालील यंत्रसामग्री, या चार थरांचा एकत्र नकाशा काढणें, व आजच्या स्थितींतून उद्यांच्या स्थितीकडे कोणत्या क्रमानें जावें हें सुचविणें, हें या रचनाकाराचें काम होय. चालकांचें म्हणणें तंत्रज्ञांस आणि तंत्रज्ञांचें चालकांस तोच उलगडून सांगतो.

या विद्येचा पाया जॉन झॅकमन यांनीं १९८७ सालीं आयबीएमच्या नियतकालिकांत लिहिलेल्या लेखानें घातला, असें सामान्यतः मानितात. काय, कसें, कोठें, कोण, केव्हां आणि कां, हे सहा साधे प्रश्न त्यांच्या पूर्ण आराखड्याच्या मुळाशीं आहेत.

समग्र विचारांत उणीव राहिल्यास काय होतें, याचें उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचें. एप्रिल २०१८ मध्यें तिनें सुमारें ५२ लक्ष ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर हलविली. माहिती सुखरूप पोहोंचली. परंतु नवी प्रणाली लागलीच अडखळली, आणि अनेकांस स्वतःच्याच खात्यांत शिरतां येईना. सर्व व्यवहार सुरळीत होण्यास डिसेंबर उजाडला. स्थलांतराचें नियोजन व नियंत्रण अपुरें होतें, असें ठरवून नियामकांनीं २०२२ सालीं बँकेस ४ कोटि ८६ लक्ष ५० हजार पौंड दंड केला.

“मग या कामांत सर्वांत कठीण तें काय?” आम्हीं निघतांना त्यास विचारलें.

“‘थांबा’ म्हणणें, सर,” तो उत्तरला. “दिवस ठरलेला असतो, पैसा खर्चिलेला असतो, सर्वांस घाई असते. अशा वेळीं, जोडणी तपासल्यावांचून पुढें जाऊं नये, हें एकट्यानें सांगावें लागतें.”

नकाशा काढण्याची कला पुस्तकांतून शिकतां येईल. तो हातीं धरून ‘थांबा’ म्हणण्याचें धैर्य मात्र शाळेच्या बांकावरच अंगीं बाणवावें लागतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.