खिडकीची काच घेताना

घरकुलाचं काम खिडकीपर्यंत आलं की पैसे संपत आलेले असतात, आणि काच घाईत ठरते. मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी एवढं समजून घ्या.

साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात. लेकरं खेळतात तिथल्या बुटक्या खिडकीला ती नकोच. टफन काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन थंड करतात. म्हणून ती साधीपेक्षा चार-पाच पट दणकट असते, आणि फुटलीच तर बारीक खडे होतात. पण ती नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. चौकट बसल्यावरच माप द्या. आधीच मागवली आणि चौकट सूतभर कमी भरली, तर पैसे पाण्यात.

दुकानदार म्हणेल, "टफन घ्या ताई, चोराची भीती नाही." हे अर्धंच खरं. कोपऱ्यावर टोकदार घाव बसला की अख्खी काच खाली येते, खिडकी मोकळी! लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तडे गेले तरी ती जागेवर राहते, चोराचा वेळ जातो. महाग पडते मात्र.

म्हणून माझं मत, आधी पक्की लोखंडी ग्रील. बाहेरून स्क्रू काढता येतील अशी नको. मग उरलेल्या पैशात टफन. कोपऱ्यावर आयएस २५५३ चा शिक्का बघा, बिल मागाच.

आतल्या खोलीची एक ग्रील तेवढी आतून किल्लीने उघडणारी करा. स्वयंपाकघरात पेट घेतला आणि दार अडलं, तर तिथूनच बाहेर पडायचं. किल्ली कुठे असते हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.